भांड्यावरचं नाव



मागच्या वेळी आम्ही लोहाच्या गोळ्यांवर बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर एका ताईंचा फोन आला. गोळ्यांबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं. माझं नाव रेडिओवर घेऊ नका, एवढं आधी बजावलं आणि मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना कुष्ठरोग निघाला, औषध चालू आहे. मी वीस वर्षं त्यांच्यासोबत एका चुलीवर रांधते, एका ताटात जेवते. मला काहीच झालं नाही. मग हा रोग लागतो ते खरं का खोटं? अन् खरं असेल तर मला का नाही लागला?"

खरं सांगायचं तर त्या वेळी आम्ही "तुमची प्रतिकारशक्ती चांगली आहे" एवढं म्हणून फोन ठेवला. ते काही उत्तर झालं नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे काय, ती कुठे राहते, ती एकीची चांगली आणि दुसरीची कमी का, हे कोण सांगणार? म्हणून या महिन्यात आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आपसांत वाद घातला. आजचं बोलणं त्यातून आलेलं आहे. थोडं कठीण वाटेल, पण स्वयंपाकघराबाहेरचं काही लागणार नाही.

ताईंच्या प्रश्नासारखाच प्रश्न आपल्या विदर्भात एका माणसाने स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिला होता. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत, आणि कुष्ठरोगाच्या रुग्णाला पहिल्यांदा जवळून पाहिल्यावर ते घाबरून पळाले होते, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. पुढे ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकायला गेले. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही, तेव्हाही वाढत नव्हता आणि आजही नाही. त्यामुळे औषधं शोधायची तर कशावर, ही अडचण होती. बाबांनी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. माझ्यात वाढवून बघा, म्हणाले. जंतू वाढलेच नाहीत. प्रयोग म्हणून तो फसला. नंतर १९५१ साली आनंदवन सुरू झालं, साधनाताई दोन लहान लेकरं घेऊन तिथे राहिल्या. त्याही आधी, १९३६ पासून, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण रुग्णांच्या जखमा धूत होते.

टोचलेले जंतू गेले कुठे? ते खाल्ले गेले. आणि नुसते खाल्ले गेले नाहीत, त्यांचे तुकडे करून दाखवले गेले. "दाखवले गेले" हा शब्द ध्यानात ठेवा. आज सगळं त्याच्यावर आहे.

आपल्या कातडीत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स नावाच्या एका विद्यार्थ्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. फांद्या बघून त्याला वाटलं, या नसांच्या पेशी असणार. पुढची शंभर वर्षं त्यांचं खरं काम कुणाला कळलं नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्यांच्या पेशी सापडल्या. त्यांना मराठीत वृक्षपेशी म्हणतात. स्टाइनमन कितीतरी वर्षं सांगत होते की या पेशी महत्त्वाच्या आहेत, आणि लोक फारसं ऐकत नव्हते. २०११ साली त्यांना नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. समितीला ते माहीत नव्हतं. बक्षीस मात्र कायम ठेवलं.

तर ही वृक्षपेशी काय करते? जंतू आला की त्याला गिळते. पोटात तिच्या आंबट रसाच्या पिशव्या असतात. त्या रसात जंतूची प्रथिनं तुटतात. आपण डाळ भरडतो, अख्खा दाणा राहत नाही, चुरी होते, तसंच. आता या चुरीतला एकेक बारीक तुकडा ती एका छोट्या ताटलीत ठेवते आणि ती ताटली स्वतःच्या अंगाबाहेर मांडते. मग जागा सोडून निघते. कातडीतून निघून लसिकेच्या वाटेने बगलेतल्या, मानेतल्या, जांघेतल्या गाठीपर्यंत जाते. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधान येतं ना, ते याच गाठीत. तिथे बाजार भरल्यासारखी गर्दी असते. त्या गर्दीत टी पेशी फिरत असतात.

टी पेशी म्हणजे आपल्या शेताच्या राखणदार म्हणा. पण या राखणदाराची एक विचित्र खोड आहे. तिला अख्खा जंतू ओळखता येत नाही. समोरून गेला तरी तिला पत्ता नाही. तिला फक्त तुकडा कळतो, तोही कुणी तरी ताटलीत ठेवून दाखवला तर. आणि ताटलीही आपल्याच घरची पाहिजे.

ताटली आपल्या घरची, हे आम्हाला समजायला सगळ्यात वेळ लागला. मग आमच्यातल्या एकीने म्हटलं, अगं, भांड्यावरचं नाव! लग्नात आलेल्या ताटांवर, गुंडावर, डब्यावर आपण नाव घालून घेतो की नाही? शेजारी लग्नघरी भांडी दिली तरी शेवटी नाव वाचून आपापली परत येतात. शरीराच्या ताटल्यांवरही तसं नाव असतं. त्या ताटल्यांना डॉक्टर एचएलए म्हणतात. दुसऱ्याच्या घरच्या ताटलीत तोच तुकडा वाढून आणला, तर आपली टी पेशी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. हे ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल या दोघांनी १९७४ साली उंदरांवर दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ताटली दिसते कशी, ते १९८७ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात उलगडलं, आणि त्यात मोठा वाटा पामेला ब्योर्कमन या तरुण संशोधक बाईचा होता. ताटलीला मधोमध खाच निघाली आणि त्या खाचेत काहीतरी पडलेलं दिसलं. तो तुकडाच होता.

या ताटल्या आपल्याला अर्ध्या आईकडून मिळतात, अर्ध्या वडिलांकडून. माहेरची भांडी आणि सासरची भांडी एकाच मांडणीवर लागतात, तसं. मूत्रपिंड बदलायचं असलं की आधी भाऊ-बहीण, आई-बाप यांची तपासणी होते, ती या नावांसाठी. आणि एका कुटुंबाची ताटली एका तऱ्हेचे तुकडे नीट धरते, दुसऱ्या कुटुंबाची दुसऱ्या तऱ्हेचे. ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. सासूबाईंच्या आणि त्यांच्या ताटल्या वेगळ्या. एका चुलीवर रांधलं म्हणून त्या एक होत नाहीत.

गाठीतली वृक्षपेशी ताटली पुढे करून उभी राहते. हजारो टी पेशी येतात, चाचपतात, निघून जातात. प्रत्येकीला एकच तऱ्हेचा तुकडा ओळखता येतो. मग एखादी येते, जिच्या हाताला तो तुकडा बरोब्बर बसतो. पण तेवढ्यावर ती उठत नाही. वृक्षपेशीने दुसरी एक खूण द्यावी लागते की बाई, हे खरंच धोक्याचं आहे. दोन्ही मिळालं की ती टी पेशी वाढू लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग त्या सगळ्या जिथे जंतू आहे तिकडे जातात. तिथे जंतू गिळून नुसत्या बसलेल्या भक्षक पेशी असतात. टी पेशी त्यांना एक रसायन सोडून चेतवते, तेव्हा कुठे त्या पोटातला जंतू मारतात. आणि काही टी पेशी आठवण ठेवून वर्षानुवर्षं राहतात. लस टोचण्यामागचा हेतू हाच, जंतूचा त्रास न देता तुकडा दाखवून ठेवायचा. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण राहतो, ती टोचणी क्षयासाठी असली तरी कुष्ठरोगापासूनही थोडं राखते, कारण दोन्ही जंतू एका जातकुळीतले. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रातही याच जातकुळीतल्या जंतूपासून आयसीआरसी नावाची लस निघाली होती. तामिळनाडूत चार लशींची तुलना झाली, तिचा निकाल १९९८ मध्ये आला. त्यात बीसीजीने सुमारे ३४ टक्के राखण दिली, आयसीआरसीने सुमारे ६५ टक्के.

शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त माणसांत ही सगळी साखळी नीट चालते. जंतू नाकातून शिरतो, खाल्ला जातो, दाखवला जातो, मारला जातो, आणि त्या माणसाला काही झाल्याचं कळतही नाही. बाबांच्या अंगात टोचलेले जंतू वाढले नाहीत, याचा आम्हाला लागणारा अर्थ हाच.

उरलेल्या थोड्यांत साखळी कुठेतरी ढिली पडते. हा जंतू मोठा लबाड. भक्षक पेशीने गिळलं की तिची आंबट रसाची पिशवी आपल्याला लागू देत नाही, आणि आत निवांत राहतो. घाई त्याला नाहीच, एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून रोग दिसायला साधारण पाच वर्षं जातात, कधी वीसही. टी पेशी अर्धवट जागी झाली तर एक-दोन चट्टे उठतात, त्यात जंतू थोडे, पण चट्टा बधिर. टी पेशी जागीच झाली नाही तर जंतू वाढतच जातात. कानाची पाळी जाड होते, चेहऱ्यावर तेलकट लाली येते, गाठी येतात. एकच जंतू आणि दोन रूपं. पूर्वी कुणी याला महारोग म्हणायचे, कुणी रक्तपिती, आणि दैवाचा फेरा मानायचे.

आणि हा जंतू नसांत राहतो. नसेवर जी वेष्टणाची पेशी असते, तिच्यात. राखणदार तिथे पोचले की लढाई नसेच्या आत होते. नस सुजते, पण तिच्याभोवतीचं कवच ताणत नाही, मग ती आतल्या आत चेपते. बोटं वाकडी होतात ती पुष्कळदा जंतूने कुरतडून नाही, आपल्याच फौजेच्या मारामारीत नस चिरडून. आम्हाला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

ही गोष्ट आपल्या तालुक्यातली. गाव सांगत नाही. जिची आहे तिने सांगायला परवानगी दिली आहे. तीन वर्षांपूर्वी ती गरोदर होती, आम्ही वजन घ्यायला, टोचायला जायचो. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. तिनेच सांगितलं, "गजकर्ण आहे, मलम लावून राहिली." आम्ही मान हलवली. गजकर्ण खाजतं. हा चट्टा कधी खाजला नव्हता. आम्ही विचारलंच नाही.

बाळंतपण चांगलं झालं, मुलगी झाली. दोनेक महिन्यांनी तो चट्टा लालबुंद होऊन फुगला. कोपरात ठणका लागला, रात्री झोप नाही. घरच्यांनी म्हटलं, बाळंतवात आहे. शेक सुरू झाला. एका डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तीन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी भाकरी उलटताना तिची करंगळी तव्याला टेकली, कातडी जळाल्याचा वास आला, आणि तिला कळलंच नाही. सासूला वास आला. सासू तशीच ओलेत्या हाताने आमच्याकडे आली. "पोरीचं बोट जळलं अन् तिले समजलं नाही वं माय," एवढंच म्हणत होती.

आम्ही तिला डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने चट्ट्याला स्पर्श केला. कुठे लावलं, तिला सांगता आलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होत नव्हतं. त्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, कुष्ठरोग आहे आणि त्यात रिॲक्शन आली आहे.

रिॲक्शन म्हणजे गोळ्यांची ॲलर्जी नाही. आतापर्यंत आपण बोललो त्याचाच हा प्रकार. पोटातल्या बाळाच्या ताटल्या अर्ध्या आईच्या, अर्ध्या बापाच्या नावाच्या. म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने अर्धी भांडी परक्या घरची. तरी नऊ महिने ते बाळ सांभाळायचं असतं. म्हणून आईचं शरीर त्या काळात टी पेशींचा हात आखडता ठेवतं. बाळंतपण झालं की हळूहळू तो हात मोकळा होतो. आणि तिच्या नसेतले जंतूंचे तुकडे, जे कितीतरी वर्षं ताटलीत पडून होते, ते आता टी पेशींच्या डोळ्यांवर येतात. एकदम हल्ला होतो. इथिओपियात एलिझाबेथ डंकन या डॉक्टरबाईंनी कुष्ठरोग असलेल्या गरोदर बायांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ही रिॲक्शन वाढते, हे त्यांनी नोंदवून ठेवलं. आपल्याकडे त्या महिन्यांतलं प्रत्येक दुखणं बाळंतवातात जमा होतं, ही आमची तक्रार आहे, आणि तक्रारीत आम्ही स्वतःही आहोत.

तिला दोन तऱ्हेची औषधं मिळाली. एक, जंतू मारणारी, ज्यांची पत्ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. दुसरं, स्टेरॉइडच्या गोळ्या, राखणदारांना आवरायला. एकीकडे जंतू मारायचे आणि दुसरीकडे आपल्या फौजेला हळू म्हणायचं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण नस वाचवायची तर दोन्ही लागतं. स्टेरॉइड डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळूच कमी करायचं, मनाने बंद करायचं नाही. आणि मेलेल्या जंतूंचे तुकडेही नसेत बराच काळ राहतात, म्हणून औषध चालू असताना किंवा संपल्यावरही रिॲक्शन येऊ शकते. पुष्कळ जणी तेव्हा म्हणतात, औषधानेच बिघडलं, आणि पत्ती फेकून देतात. तसं करू नका.

दूध पाजायचं की नाही, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं. पाजायचं. ही औषधं बाळंतिणीलाही चालतात. लघवी तांबडी होते, कातडी थोडी काळपट होते, कधी बाळाच्या रंगातही थोडा फरक दिसतो. औषध संपल्यावर तो हळूहळू जातो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत ती कुणाला रोग देऊ शकत नाही.

तिच्या नवऱ्याला, सासूला, दिराला तपासलं. कुणालाही चट्टा नव्हता. जवळ राहणाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात, तो त्यांनी घेतला. तुमच्या घरी आशाताई असा डोस घेऊन आल्या तर दार लावू नका, शेजारी काय म्हणतील याचा विचार करू नका. फोन करणाऱ्या ताई, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे. वीस वर्षं झालं नाही, म्हणजे तुमची साखळी बहुधा नीट चालते आहे. तरी एकदा अंग तपासून घ्या. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही.

माहेरचे लोक तिला म्हणत होते, सासरी सांगू नको, सोडून देतील. ही भीती उगीच नव्हती. २०१९ सालापर्यंत कुष्ठरोग हे आपल्या देशात घटस्फोट मागायला कायदेशीर कारण होतं. बरा होणारा रोग, फुकट औषध, आणि कायद्याने मात्र नवऱ्याला मोकळीक. २०१९ मध्ये संसदेने ते कलम काढून टाकलं. कुणी तुम्हाला जुना कायदा सांगून घाबरवलं तर हे साल सांगा.

आता तपासायचं कसं, ते ऐका. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, खाजत नसेल, त्यावर घाम येत नसेल, केस विरळ झाले असतील, तर डोळे मिटून दुसऱ्या कुणाला तिथे पेनाच्या टोकाने स्पर्श करायला सांगा. मग कोपर. कोपराच्या मागे आतल्या बाजूला एक खाच आहे, दारावर आपटलं की जिथून झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत जातात. तिथली नस बोटाने हळू चाचपा, दोन्ही हातांची. एक जाड लागली, दुखली, किंवा करंगळीत मुंग्या येत असतील, पकड ढिली वाटत असेल, तर शेक नको. त्याच आठवड्यात दवाखाना. नस दबून सहा महिने व्हायच्या आत औषध मिळालं तर ती परतायची चांगली आशा असते.

तिची नस पूर्ण परतली नाही. करंगळीशेजारचं बोट जवळजवळ सरळ होतं, करंगळी अजून थोडी वाकडी आहे. रोज संध्याकाळी हात कोमट पाण्यात बुडवून, तेल लावून, बोटं दुसऱ्या हाताने सरळ करायचा व्यायाम ती करते. तवा, चहाचं भांडं, काहीही गरम असलं की फडकं दुमडून घेते. मुलगी आता अंगणवाडीत जाते. आणि तिची सासू गावात कुणाचीही बाळंतीण माहेराहून आली की पहिल्यांदा बाळ बघत नाही, आधी सुनेचा कोपर हातात घेऊन चाचपते. नव्या सुनांना वाटतं, म्हातारीला काहीतरी झालंय. मग ती त्यांना बसवून घेते आणि तव्याची गोष्ट सांगते.